तिन्हीसांजेला कुत्रा पाखाडीवर अडतो : मोतीबिंदू की दुसरं काही?

कातळवाडी
गुहागर तालुका. गावठी कुत्रा, वय 9, वजन 18 किलो. दिवसा खळ्यात बिनधास्त फिरतो. अंधारून आलं की पाखाडी (जांभ्याच्या पायऱ्यांची वाट) उतरताना थबकतो आणि पुढचा पाय हवेतच चाचपत राहतो. दोन्ही डोळ्यांत निळसर झाक आहे, लाली नाही, घाण नाही. मेडिकलमधून माणसांचे स्टिरॉइडचे थेंब मिळालेत, अजून घातलेले नाहीत. हा मोतीबिंदू का? आणि नजर जाणारच असेल तर घरात काय काय बदलावं लागेल? मागे आगरात बाव (विहीर) आहे, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा.

गोठा_ते_दवाखाना
थेंब घालू नका. बुबुळावर साधा ओरखडा असला तरी स्टिरॉइडमुळे तो भरत नाही, उलट जखम खोल जाते आणि वेळप्रसंगी बुबुळाला भोक पडतं. करवंदीच्या जाळीत तोंड घालणाऱ्या कुत्र्यांना असे ओरखडे नेहमीचेच. डॉक्टर आधी डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी टेकवतात. निळ्या उजेडात हिरवं चमकलं तर जखम आहे. हे बघितल्याशिवाय स्टिरॉइड नाही. तूप, मध हेही नाही.

आता निळसर झाकेबद्दल. सात-आठ वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग आतून घट्ट होत जातं आणि निळसर दिसतं. तो मोतीबिंदू नव्हे, त्याने नजर फारशी जात नाही. फरक घरी बघता येतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आपल्या डोळ्याशेजारी धरून हातभर अंतरावरून त्याच्या डोळ्यात बघा. झाकेतून हिरवी-पिवळी चमक परत येत असेल तर भिंग आरपार आहे. पांढरा ठिपका किंवा पडदा ती चमक अडवत असेल तर मोतीबिंदू.

सोबत पाणी मोजा. सकाळी मोजून भांडं भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. किलोमागे दिवसाला 50-60 मिलि ठीक. 100 च्या वर, म्हणजे तुमच्याकडे 1.8 लिटरच्या वर गेलं तर लघवी आणि रक्तातली साखर लगेच तपासा. मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार झपाट्याने पिकतो.

नजर तपासायला तोंडासमोर हात हलवू नका. वारा मिशांना लागतो, कुत्रा डोळे मिटतो आणि आपल्याला वाटतं त्याला दिसलं. एक डोळा झाकून कापसाचा बोळा वरून सोडा, कापूस पडताना आवाज करत नाही. प्रत्येक डोळ्याला दोनदाच, त्यानंतर दिसत असलं तरी तो कंटाळून बघत नाही. आधी उजेडात करा, मग मिणमिणत्या दिव्यात.

सुरंगी
आपल्याकडे गोचीड विसरून चालत नाही. गोचीडतापात डोळ्याच्या आत सूज येते, रक्त उतरतं, कधी डोळ्याच्या आतला मागचा पडदाही सुटतो. ताप, हिरड्यांवर लाल ठिपके, नाकातून रक्त यांतलं काहीही दिसलं की प्लेटलेट मोजून घ्या आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासून घ्या. डॉक्सिसायक्लिन वजनावर ठरतं आणि साधारण 28 दिवस चालतं, रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते. पाचव्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो आणि लोक गोळी बंद करतात, तिथेच घोळ होतो.

दुसरी गोष्ट, गुरांचं आयव्हरमेक्टिन. 1 टक्क्याच्या बाटलीत दर मिलिला 10 मिलिग्रॅम औषध असतं. गोचिडांसाठी ते कुत्र्याला अंदाजाने टोचलं की बाहुल्या मोठ्या होतात, झोक जातो आणि एकाएकी दिसेनासं होतं. वेळीच दवाखाना गाठला तर बऱ्याचदा नजर परत येते.

आणि थांबायचंच नाही असा आजार म्हणजे काचबिंदू. डोळा लाल, बाहुली मोठी आणि उजेडातही न आकसणारी, वर धुरकट पडदा, कुत्रा डोकं घासतो नाहीतर कोपऱ्यात पडून राहतो. डोळ्यातला दाब साधारण 10 ते 25 (मिलिमीटर पारा) असतो, तो दुपटीवर गेला तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. दाब मोजायचं यंत्र सगळ्या दवाखान्यांत नसतं. निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर घाट चढून जाल आणि हात हलवत परत याल.

नाकासमोर
पाखाडीच का अडते, ते सांगतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल आणि हिरवा त्याला मळकट पिवळट दिसतात. जांभ्याचा चिरा, त्यावरचं शेवाळ आणि खालची माती, सगळं त्याला एकाच रंगाचं. पायरीची कड उठून दिसत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच पांढरा पट्टा मारा. चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. ऑइल पेंट घ्या आणि ओला असतानाच वर बारीक वाळू भुरभुरा, म्हणजे पाय घसरणार नाही. वरच्या टोकाला कमी वॅटचा दिवा रात्रभर चालू ठेवा. टॉर्च घेऊन मागून चालू नका, त्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते.

घराचं म्हणाल तर आधी बाव. कठडा निदान तीन फूट करा किंवा वर लोखंडी जाळी बसवा. झापं टाकून भागणार नाही, ती वजनाने खाली जातात. बाकीचं सोपं आहे: पायरीच्या वर आणि खाली काथ्याचं पायपुसणं, पाण्याचं भांडं आणि अंथरूण कायम एका जागी. विळी उघडी जमिनीवर नको. सायकलचं पेडल, घायपात, अननसाची पानं, जे जे कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं ते हलवा. दिसत नसलं तरी डोळा फुटतोच. माणसं खुर्ची ओढून तिथेच सोडतात, खरी भांडणं त्यावरून होतात.

न दिसणाऱ्या कुत्र्याचं तोंड कशावर आपटू नये म्हणून तोंडासमोर लावायचं कडं घरीच बनवता येतं. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी वाकवून छातीच्या पट्ट्याला दोन्ही खांद्यांशी बांधा, नाकापुढे चार बोटं राहील अशी. गळपट्ट्याला बांधलं तर मान वळली की कडंही फिरतं. एकटा असताना काढून ठेवा, खिडकीच्या गजांत अडकतं.

कातळवाडी
थेंब परत केले. पाणी दिवसाला 850 मिलि. टॉर्चमध्ये दोन्हीकडे हिरवी चमक येते, आधीपेक्षा जास्तच वाटते. कापूस उजेडात दिसतो, मंद दिव्यात नाही.

गोठा_ते_दवाखाना
पाणी ठीक, भिंगही आरपार. मग शंका मागच्या पडद्यावर. पडदा हळूहळू झिजतो तेव्हा मंद उजेडातलं आधी जातं आणि चमक वाढते. हा आजार आनुवंशिक, लॅब्राडॉर, कॉकर यांच्यात जास्त. गावठी कुत्र्यात आधी गोचीडताप आणि रक्तदाब तपासा, त्यांवर निदान औषध तरी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा.

दिवसा दिसतंय तोवर शब्द शिकवून घ्या. ‘पायरी’ उतरताना, ‘चढ’ चढताना, ‘थांब’ कुठेही. शब्द पाऊल पडायच्या आधी यायला हवा. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, एकाने ‘पायरी’ आणि दुसऱ्याने ‘उतर’ म्हटलं तर त्याला काहीच कळत नाही. आणि पाखाडीवर दोरी चार फुटांपेक्षा लांब सोडू नका.