अनुभव धागा : अनिश्चित काळात विश्वासाची पारख

सर्वांस प्रभूच्या नावाने सलाम. सर्व गोष्टींची पारख करावी आणि चांगले ते बळकट धरावे, असे पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्याच बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे वाचनात, वादविवादात आणि शंकांशी झगडण्यात घालवली. घाईने ठरवणे त्यांना मान्य नव्हते. सीमाभागातील आपल्या मंडळ्यांवर अलीकडे असे पारखून निर्णय घेण्याचे अनेक प्रसंग आले. भीतीपोटी घेतलेला निर्णय आणि प्रार्थनापूर्वक घेतलेला निर्णय यांतील भेद आपणांस कसा कळला, ते कृपया लिहावे.

निपाणी, रविवार शाळेतील शिक्षिका

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना कोरोनाची लस मिळू लागली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ठाम नकार दिला. लस म्हणजे पवित्र शास्त्रातील शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकात सांगितलेली, देवाच्या विरोधात उठणाऱ्या श्वापदाची खूण आहे, असे सांगणारी एक चित्रफीत त्यांच्या भ्रमणध्वनीवर आली होती आणि बोलणारा मनुष्य हाती पवित्र शास्त्र घेऊन बोलत होता. मी प्रथम चिडले, आणि त्यामुळे त्या अधिकच हट्टाला पेटल्या. नंतर पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही दोघींनी त्या पुस्तकाचा तेरावा आणि चौदावा अध्याय सावकाश, मोठ्याने वाचला. तेथे ती खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे, हे त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आले. "मी कुणाची उपासना करते, ते देवाला ठाऊक आहे," असे म्हणून त्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघाल्या.

खानापूर तालुका

आईच्या आजारपणामुळे गावीच राहायचे, असे मी शांत मनाने ठरवले होते. पावसाळ्यात कौलांच्या भट्टीचे काम थांबले, हाती पैसा उरला नाही आणि गोव्याला निघून जावे असे रोज वाटू लागले. फादरांनी मला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम सांगितला : मन खचलेले असताना, पूर्वी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. मी दिवाळीपर्यंत थांबलो आणि आजही गावीच आहे.

बेळगाव शहर, मंडळीच्या पंचांपैकी एक

आमच्या घरी दर बुधवारी प्रार्थनासभा भरत असे. कर्नाटकाचे धर्मांतरविषयक विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आमच्याच शहरातील सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीत विधानसभेने मंजूर केले, मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये कायदा झाला. शेजारी कुणीतरी तक्रार करणार, अशी कुजबुज सुरू झाल्यावर काही जण सभा बंद करा म्हणू लागले, तर काही तरुण मुद्दाम ध्वनिक्षेपक लावा म्हणू लागले. दोन्ही बाजूंना वचने तोंडपाठ होती.

आम्ही तीन संध्याकाळी एकत्र बसलो आणि ओळखीच्या वकिलांकडून कायद्याचा मजकूर कलमवार समजून घेतला. बळजबरी, फसवणूक, आमिष यांनी केलेल्या धर्मांतराला त्यात बंदी आहे आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. विश्वासणाऱ्यांनी घरात प्रार्थना करण्याला मनाई नाही. म्हणून सभा चालू ठेवली. मात्र सभेनंतर आम्ही गरजूंना तांदूळ वाटत असू, ते वाटप वेगळ्या दिवशी, गल्लीतील कोणालाही मिळेल असे केले. कायदा नसता तरी हे आम्ही पूर्वीच करायला हवे होते, कारण भुकेल्या माणसाला आमची प्रार्थना ही तांदळाची किंमत वाटू नये.

एका गोष्टीची मात्र मला आजही खंत आहे. मुलगा गमावलेली एक शेजारीण केवळ रडायला म्हणून आमच्याकडे येऊन बसत असे. त्या दिवसांत मी तिला, "काही आठवडे येऊ नका," असे सांगितले आणि त्याला शहाणपण हे नाव दिले. ते भय होते. पुढे मी तिच्या दारी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा दिला, परंतु ती पुन्हा आमच्या घरी आली नाही.

बेळगाव, कॅम्प भाग

१ नोव्हेंबर हा आमच्यासाठी सर्व संतांचा सण, कन्नड बांधवांसाठी राज्योत्सव आणि मराठी माणसांसाठी काळा दिवस. माझा मुलगा निषेधाच्या सायकल फेरीला जातो आणि त्याला मी अडवत नाही, कारण आपल्या भाषेविषयीचे दुःख खरे आहे. एका वर्षी मात्र त्याने गायकवृंदातील एका कन्नड मित्राविषयी अपमानकारक मजकूर लिहिला होता. मी त्याला एवढेच म्हणाले, "फेरीला जा; पण हे पाठवण्याआधी उद्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, त्याच्या शेजारी उभे राहायचे आहे, ते आठव." त्याने तो मजकूर पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, दोघांनी मिळून त्या मुलाच्या आजीच्या कबरीवरचे गवत काढले. त्या मजकुराविषयी त्याने मित्राला सांगितले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.