फ्री डिश बाल्कनीत लावली, सिग्नलची स्ट्रेंथ ७८ आणि क्वालिटी शून्य. मदत हवी आहे

ठाणे, नौपाडा. चार मजल्यांची इमारत, आमचा तिसरा. वॉटरप्रूफिंगनंतर सोसायटीने गच्चीवरच्या सगळ्या छत्र्या उतरवल्या, म्हणून डीडी फ्री डिशची ६० सेंमी छत्री बाल्कनीच्या ग्रिलला बाहेरून चिकटून लावली आहे. बाल्कनी आग्नेयेकडे, म्हणजे जीसॅट-१५ या फ्री डिशच्या उपग्रहासाठी (९३.५ अंश पूर्व) बाजू बरोबर आहे.

एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा भाग) बदलला, केबल नवी, कनेक्टर नवे. सेटिंग ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, एलएनबी ९७५०/१०६००. ग्रिलपाशी मोबाइलचं होकायंत्र काहीही दाखवतं, म्हणून खोलीत मागे येऊन १३१ अंशांची रेघ धरली. स्ट्रेंथ नुसत्या एलएनबीमुळेही दिसते हे माहीत आहे, तिच्यावर जात नाही. एकदाच, छत्री हाताने ओढून बाहेर धरली तेव्हा क्वालिटी २० वर उडाली. हात सोडला की शून्य.

संशय वरच्या छज्ज्यावर. तो ग्रिलच्या दीड फूट पुढे आणि छत्रीच्या तीन फूट वर आहे. ठाण्यातून उपग्रह साधारण ५७ अंश उंच, म्हणजे छत्रीचा वरचा काही भाग आडोशात जात असावा.

गच्ची मिळणार नाही. केबल किंवा ओटीटी सुचवू नका, आईला रिमोटचं एक बटण दाबून सह्याद्री हवी.

लोखंडी ब्रॅकेटवर छत्री दीड फूट पुढे काढली तर पुरेल का, आणि पावसाळी वाऱ्यात ती हलू नये म्हणून आधार कुठे द्यायचा?