ॲन राणी खरोखरच दुबळी होती का?
इंग्लंडची ॲन राणी ही आपली जवळची मैत्रीण व दरबारी सेरा चर्चिल हिच्या ओंजळीने पाणी पिणारी, राज्यकारभारात गती नसलेली बाई होती, असे एक मत मांडले जाते; ते मला फार तर अर्धे मान्य होईल. हे चित्र रंगवण्यात मोठा वाटा खुद्द सेराचाच आहे: १७११ मध्ये दरबारातील पदे गमावल्यावर, राणीच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १७४२ मध्ये तिने आपली बाजू छापून प्रसिद्ध केली, आणि तिचा प्रतिवाद करायला राणी अर्थातच हयात नव्हती. प्रकृतीने मात्र ॲनचे हाल केले, यात शंका नाही. २३ एप्रिल १७०२ रोजी राज्याभिषेकासाठी तिला उघड्या खुर्चीत बसवून न्यावे लागले, आणि झग्याचा घोळ मागे सोडता यावा म्हणून त्या खुर्चीची पाठ मुद्दाम बुटकी ठेवलेली होती.

या मतात विचारात न घेतलेली गोष्ट १७११ च्या अखेरची आहे. स्पेनच्या वारसायुद्धात (स्पेनच्या गादीवर कोण बसणार यावरून युरोपात पेटलेल्या युद्धात) तह करण्यास उमरावांच्या सभागृहात युद्ध चालू ठेवू पाहणाऱ्या व्हिग पक्षाने अडथळा आणला, तेव्हा राणीने सेराचा पती, सेनापती मार्लबरो, याला पदावरून दूर केले आणि एकदम बारा नवे उमराव नेमून बहुमतच फिरवले. सल्ला मंत्री हार्ली याचा असला, तरी अधिकार राणीचा होता. ब्रिटनसाठी हे युद्ध संपवणारा १७१३ चा उट्रेख्टचा तह त्यानंतरच मार्गी लागला.