डावखुऱ्या पोरांचे (आणि मोठ्यांचे) अनुभव लिहा

लेक साडेतीन वर्षांची. खडू डाव्या हातात, चमचा मात्र कधी या, कधी त्या. सासूबाई म्हणतात, आत्ताच वळण लावा. बालवाडीच्या बाई म्हणतात, थांबा. दहा माणसांत साधारण एक डावखुरा, म्हणजे इथेही असणारच. लिहा.

गिरगावकर
पहिलीत डाव्या हातावर पट्टी बसायची. प्रसादाला तोच हात पुढे केला की आजी, "तो नाही रे, दुसरा!" शेवटी लिहायला उजवा, कॅरमला डावा. सचिन लिहितो डाव्याने, खेळायचा उजव्याने, त्याचं कौतुक. आम्ही चाळीत 'डावऱ्या' ते डावऱ्याच.

पार्ल्याची आई
मुलगा दुसरीत. शिरोरेघ तो उजवीकडून डावीकडे ओढतो, वहीत लाल शेरा ठरलेला. अहो, रेघ सरळ आहे ना? वहीचा डावा कोपरा वर करून तिरकी ठेवली आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला लावली, तेव्हा अक्षर फासणं कमी झालं. साध्या कात्रीने मात्र कागद कापला न जाता दुमडायचा. आम्हाला वाटे, हात कच्चा. कात्रीची पातीच उजव्या हातासाठी बसवलेली असतात. डावखुऱ्यांची आणली, त्याच दिवशी पतंगाची शेपटी कापून झाली.

परळ
आमचं जरा वेगळं. दहाव्या महिन्यात बाळ सगळं उजव्यानेच घ्यायचं. घरात कौतुक, 'पक्का उजवा!' खुळखुळा डावीकडे धरला तरी अंग वळवून उजवाच हात यायचा, डावी मूठ मिटलेली. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, इतक्या लवकर एकच हात वापरणं म्हणजे दुसऱ्यात काही कमी आहे का ते बघायला हवं. डाव्या बाजूला अशक्तपणा निघाला. आता पाच वर्षांचा आहे. डबा डाव्याने धरतो, झाकण उजव्याने उघडतो. ते झाकण उघडायला आमची दोन वर्षं गेली.

मी थेरपिस्ट
साडेतीनला हात बदलत असेल तर बदलू द्या, काहींचं पाच-सहापर्यंत ठरत नाही. वस्तू मधोमध ठेवा, हातात देऊ नका. कणीक मळू दे, मटार सोलू दे.

धागाकर्ती
आज मटार दिले. शेंग उजव्याने धरली, सोलली डाव्याने, निम्मे दाणे तोंडात. सासूबाई शेजारी बसून हात मोजत होत्या.