पाऊस आहे का तिकडे? घरच्या फोनवरच्या रोजच्या गप्पा: तुमचे अनुभव लिहा

आई जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. चिपळूणचं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीने बांधलेली. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर कधी लावला, दळण कधी टाकलं, हे सगळ्यांच्या घरी असतं तसं होतंच. पण मी पुण्याला आल्यानंतरच्या वर्षांत प्रत्येक चौकोनात खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. '८ जून. मृग. इथे रात्रभर. पुणे कोरडं. वांग्याचं भरीत, भाकरी.' हे भरीत आईने केलेलं नव्हे. मी केलं होतं, पुण्यात. संध्याकाळी फोनवर मी सांगायचे आणि फोन ठेवल्यावर ती लिहून ठेवायची. एका चौकोनात नुसतं, 'पोहे, रात्रीचे. दमली असेल.'

आम्ही रोज दहा मिनिटं बोलायचो. पाऊस, जेवण, तिची साडेसातची मालिका कुठवर आली, प्लंबर आला की नाही. मला वाटायचं, यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही.

तुमच्या घरी रोज काय विचारतात? मोठी गोष्ट नको. फोन कोण करतं, कधी, पहिला प्रश्न कोणता, तेवढं लिहिलंत तरी पुष्कळ.

कुडाळकर

आमच्याकडे पहिला प्रश्न 'पाऊस इलो?' आणि दुसरा 'जेवाक काय केलंस?' आई कुडाळजवळ गावी, मी डोंबिवलीत. मे संपत आला की तिच्या बोलण्यात फक्त आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी. कौलं परतून झाली, लाकडं पडवीत चढली, सोलं सुकली, कुळीथ भरून ठेवले. फणसाची साटं उन्हात असताना आभाळ भरून आलं तर दिवसातून तीनदा फोन.

२६ जुलै २००५ चं सांगतो. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी साकीनाक्याला कामाला होतो. पाण्यातून चालत निघालो आणि रात्री कुर्ल्याच्या एका चाळीत लोकांनी हाक मारून वर घेतलं. मोबाईल मेलेले. त्यांच्या घरचा फोन पहाटे चारला एकदाचा लागला. आई जागीच होती. सुखरूप आहे म्हटलं. ती जरा वेळ बोलली नाही, मग म्हणाली, 'जेवलस?' खिचडी दिली त्यांनी, म्हटलं. 'कसली? तुरीची काय मुगाची?'

मुगाची होती. ते ऐकल्यावर तिचा आवाज सरळ झाला. मुलगा कुठे बसलाय, त्याच्या ताटात काय आहे, हे तिला डोळ्यांसमोर आणायचं होतं. नंतर तिने त्या घरचा पत्ता मागून घेतला. अजून दर मे महिन्यात तिथे सोलं आणि कुळथाची पिठी जाते. आता मीच नेऊन देतो.

रोहिणी_नागपूर

आमच्याकडे पावसाआधी ऊन. आई नागपूरला, मी बेंगळुरूला. २५ मेच्या सुमाराला नवतपा लागला की ते नऊ दिवस तिचा फोन सकाळी नऊच्या आत येतो, कारण त्यानंतर ती दारं-खिडक्या लावून घेते. 'कूलरच्या ताट्या बदलल्या का गं?' माझ्याकडे कूलर नाही हे तिला ठाऊक आहे. ही तिच्या ताट्यांची प्रस्तावना असते. वाळ्याच्या किती महाग झाल्या, पंपात गाळ कसा बसला, बसवायला कोण आलं होतं आणि त्याला पन्हं दिलं. मग, 'काय करून राहिली तू?' वडाभात केला म्हटलं की ती खूश. बाहेर जाताना कांदा जवळ ठेव, हे मला बेंगळुरूच्या पावसातही सांगून झालं आहे. मी 'हो' म्हणते आणि खरंच ठेवते. बॅगेत आत्ताही एक आहे.

माशेलची सून

कुडाळकर, तुमच्या आगोटीला आमच्या गोव्यात पुरुमेंत म्हणतात. सासूबाईंचा मे महिन्यातला प्रत्येक फोन त्याचाच. सुके बांगडे, सुंगटं, मिठातले आंबे, मिरच्या, चिंच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, म्हणून सुक्या मासळीचं मडकं किती भरलंय हे त्या मला झाकण उघडून व्हिडिओवर दाखवतात. माहेरी घाटावर मला हे काही माहीत नव्हतं. सगळं फोनवरच शिकले.

मांजराकाठ

आमच्या घरात हवापाणी म्हणजे पाणीच. अण्णा लातूरला, मी हडपसरला. पहिलं वाक्य, 'पाणी आलं का?' हे मी विचारायचं आणि अण्णांनी टाकीतलं पाणी बोटांत सांगायचं. 'चार बोटं हाय.' चार बोटं म्हणजे आंघोळ एकाआड एक दिवस. दोन बोटं म्हणजे भांडी कोरडी राखेने घासून फडक्याने पुसायची, आणि आईने धुणं बहिणीकडे न्यायचं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. इकडे ऑफिसात टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं आणि सगळे मला विचारत होते. मी घरी फोन केला तर अण्णा म्हणाले, 'बघितली बाबा टीव्हीवर. आपल्या गल्लीत टँकर कधी यील ते सांगत न्हाईत.' मग म्हणाले, 'तू जेवलास का? धपाटं खा, भांडी कमी लागत्यात.' माझ्याकडे चोवीस तास नळ होता. त्यांनी मला त्यांच्या हिशोबातच धरलं होतं.

त्या वर्षी पुढे पाऊस चांगला झाला, मांजरा भरली. प्रश्न तोच राहिला. त्यांच्याशी बोलताना मी अजून बेसिनचा नळ बंद करतो.

केळीचं पान

१९९१. मी मुंबईत वसतिगृहात, घर जळगाव जिल्ह्यात. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या काकांचा नंबर सगळीकडे 'पी.पी.' म्हणून दिलेला. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरायचा, म्हणून पिवळ्या बूथबाहेर रांग. नंबर लागला की काका वडिलांना उठवायला जायचे, आणि रिसीव्हर तसाच बाजूला. मी इकडे मीटरवरचे लाल आकडे पळताना बघत उभा. आठ-दहा वर्षं त्या काकांनी अपरात्री दार उघडलं, एकदाही कुरकुर केली नाही. हे कुठेतरी लिहायचं राहिलं होतं.

वडील आले की, 'हवा कशी तिकडं?' बरी आहे. 'मेसमधे काय होतं?' वाटाण्याची उसळ. 'आईनं आज कळण्याची भाकर केली होती.' एवढ्यात पैसे संपायचे. मे महिन्यात एकदा म्हणाले, 'काल वारा होता थोडा.' मी 'बरं' म्हटलं आणि पुढच्या मुलाला जागा दिली.

सुट्टीत घरी गेलो तर अर्धी बाग आडवी. घडं धरलेली झाडं, बुंध्यातून मोडलेली. त्यांनी मला सांगितलं होतं, बरोबर तारखेला. मी पुढे 'किती' एवढं विचारायला हवं होतं. आता मुलगा फोनवर म्हणतो, जरा गरम आहे, तर मी त्याला किती आहे, पंखा चालतो का, लाईट जाते का, सगळं विचारतो.

साताऱ्याचा न्यू जर्सीकर

बाबा सातच्या बातम्या बघून साडेसातला फोन करतात. माझे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे दहा, थंडीत नऊ. इकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ पुढेमागे होतं. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, उचलला नाही, आणि ते तासभर फोनजवळ बसून राहिले. तेव्हापासून टीव्हीखालच्या फळीवर दुसरं घड्याळ आहे, माझ्या वेळेचं. ते वर्षातून दोनदा बाबा स्वतः फिरवतात आणि आदल्या दिवशी मलाच आठवण करतात. बर्फ पडला की बाबांना इंचांत नको असतं. 'गुडघ्याएवढा का घोट्याएवढा?' मग तिकडचं. यवतेश्वरावर ढग उतरलेत, आईने आमटी केली, सिलिंडर आज आला.

वेलची

नाशिकची आई मला चेन्नईला जुलैत विचारायची, पाऊस नाही कसा? इथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून, ईशान्येकडून, हे तिला पटायला चार वर्षं लागली. डिसेंबर २०१५ च्या पुरात तीन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा ती म्हणाली, 'आता कळलं, तुझा पावसाळा कधी असतो ते.' तेव्हापासून दिवाळी झाली की माझ्यासाठी ती वेगळे पापड-कुरडया पाठवते, 'तुझ्या आगोटीला.'

नवी_सदस्य

माझी आई लिहून ठेवत नाही. मी जेवणाआधी ताटाचा फोटो पाठवते, तिला तेवढं पुरतं. गेल्या महिन्यात तिचा फोन भरला म्हणून रिकामा करायला बसले. चारशेच्या वर ताटं निघाली, त्यातली निम्मी डाळ-भात. काढू का विचारलं तर म्हणाली, 'देवदर्शनाचे काढ. ती राहू दे.'

धागाकर्ती

सगळं वाचतेय. काही दोनदा वाचलं. काल चिपळूणच्या शेजारच्या वहिनींना उगाच फोन केला, पाऊस आहे का विचारायला. आहे म्हणाल्या, परवापासून लागून राहिलाय, वाशिष्ठी भरून चाललीय पण काळजी नाही. मग त्यांनी विचारलं, काय केलंस जेवायला? मी भेंडीची भाजी म्हटलं.

फोन ठेवून २०२१ चं कालनिर्णय काढलं. २२ जुलैच्या महापुरात आई वरच्या मजल्यावर होती, कालनिर्णय आणि पेन घेऊन. चौकोनात बसेना म्हणून समासात गेलीय. 'पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला. लाईट नाही. कोरडे पोहे खाल्ले. फोन बंद. पुण्याचं कळलं नाही.'