मदत हवी आहे: १० नंबरवरून आक्रमक कसं खेळायचं?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत क्लबकडून रग्बी खेळते, फ्लायहाफला, म्हणजे १० नंबरला, जिथून हल्ल्याची सूत्रं हलतात. तिसरा मोसम आहे. किक बरी आहे, टॅकलही. पण माझ्या हातात बॉल आला की समोरची बचावफळी निवांत होते, कारण मी घुसणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. हे मनाला फार लागतं.

परवा आमच्या मॅचचा व्हिडिओ पाहिला. स्क्रमहाफचा (मला बॉल पुरवणाऱ्या ९ नंबरचा) पास येतो तेव्हा मी जागेवर उभी, तीही खूप मागे, आणि खांदे टचलाइनकडे (मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे) वळलेले. मग समोरच्या मुली माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ आमच्या सेंटरवर (माझ्याकडून पास घेणाऱ्या खेळाडूवर) सरकतात आणि ती बिचारी बॉलसकट आडवी होते. पुढे येऊन, पळता पळता बॉल घेऊन पाहिला, तर नजर बॉलवरच खिळते. मोकळी जागा दिसेपर्यंत टॅकल बसलेला असतो.

२०१८ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडच्या बोडेन बॅरेटने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १० नंबरवरून चार ट्राय केले, म्हणजे चारदा बॉल गोलरेषेपलीकडे टेकवला. तो वेग माझ्याकडे नाही. पण स्कॉटलंडचा फ्लायहाफ फिन रसेल बचावाच्या अगदी नाकासमोर जाऊन शेवटच्या क्षणी पास सोडतो, ते मला शिकायचंय.

बॉल येण्याआधीच जागा हेरायची सवय कशी लावायची? प्रॅक्टिसला जेमतेम आठ-नऊ जणी असतो, तेवढ्यात होतील असे ड्रिल सांगा. आणि पावसात, बॉल साबणासारखा निसटत असताना, एवढं पुढे उभं राहावं का? १० नंबरला खेळलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.