मदत हवी आहे: पुढे रुंद चाक बसवलं, पण नट आवळला की जड फिरतं

मंडळी, माझ्या १५० सीसी गाडीला पुढे ८०/१००-१७ (म्हणजे ८० मिमी रुंद) टायर होता. जुन्याच १.८५ इंची रिमवर ११० मिमी रुंदीचा ११०/७०-१७ चढवायचा मोह टाळला, कारण अरुंद रिमवर तो दोन्हीकडून आवळला जातो आणि वळणावर गाडी विचित्र कलते. म्हणून दुसऱ्या एका गाडीचं ३ इंची रिमचं अख्खं अलॉय चाकच मिळवलं. (मागचं जाडजूड नि पुढचं काडी, हे डोळ्यांत खुपत होतं हेही आहेच. लपवत नाही.)

उंचीची अडचण नाही. जुन्याचा व्यास साधारण ५९२ मिमी, नव्याचा ५८६. मडगार्डच्या बोल्टची टोकं टायरला घासत होती, ते उलटे घातले.

घोडं अडलंय ॲक्सलवर (चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्यावर). माझा ॲक्सल १२ मिमीचा, नव्या चाकात ६२०२ नंबरचं बेरिंग, म्हणजे भोक १५ चं. ६३०१ नंबरच्या बेरिंगचं भोक १२ चं आहे, पण ते बाहेरून ३७ आणि चाकातली बैठक (बेरिंग बसायची जागा) ३५ ची. शेवटी ॲक्सल आणि बेरिंगमधली फट भरायला लेथवर दीड मिमी जाडीचे बुश (पोकळ कड्या) कातून घेतले. आता नट आवळला की चाक हाताने ढकलावं लागतं, अर्धा आटा सैल केला की भिरभिर फिरतं. शिवाय ब्रेकची डिस्क आतल्या पॅडला चिकटते. बुश चुकले का? डिस्कखाली वॉशर टाकू का?

प्रतिसाद:
बुशवर लगेच खापर फोडू नका. दोन बेरिंगांच्या मध्ये नळी असते, ती बघा. नटाचा दाब आतल्या रिंगांवरून त्या नळीने पेलायचा असतो. नळी आखूड असली की रिंगा आत ओढल्या जातात, छर्रे बाजूने दाबले जातात आणि चाक जड होतं. असंच चालवलंत तर बेरिंग लवकर जाईल. डिस्कचं नंतर. आधी चाक शॉकअपच्या बरोबर मध्ये आणा. तरी चिकटली तर एकाच जाडीची अखंड रिंग कातून घ्या आणि बोल्ट तेवढे लांब घ्या. सुटे वॉशर ब्रेकच्या जागी नकोतच.

धागाकर्ता:
चाकासोबत नळी आलीच नव्हती, मी जुन्या चाकातली घातली! आत्ता व्हर्नियर लावला. बैठकींमधलं अंतर ६४ मिमी, नळी ६२.५.